पाचवं अंडं

मॉर्टी टोपी हातात घेऊन आत आला, तेव्हाच ज्युलिया हनाफिननं ओळखलं की काहीतरी बिनसलंय. तिचा हा थोरला टोपी दोनच वेळा काढायचा. चर्चमध्ये, आणि घाबरला की.

"गंजीत अंडी आहेत," तो म्हणाला.

ज्युलियाचे हात पावाच्या कणकेत होते, ते तिथेच राहिले. "कुणाच्या गंजीत?"

"आपल्या. मागच्या अंगाला. गवतात खळगा करून चार ठेवलीत. कुणी मांडल्यासारखी."

"हात लावलास?"

"मला वेड लागलंय का, आई?"

चुलीपाशी बसून मेणबत्त्यांच्या पितळी बैठका घासणारी नोनी उभीच राहिली. खिडकीशी पडद्याला टाके घालणाऱ्या एलीची सुई थांबली. ज्युलियानं दोघींकडे पाहिलं. आधी लेकीकडे, मग सुनेकडे. सुनेवर नजर जरा जास्तच रेंगाळली.

कुणाच्या गवतात, बटाट्याच्या सरीत नाहीतर गोठ्याच्या उंबऱ्याखाली परकं अंडं सापडलं तर त्याचा अर्थ काय, हे या डोंगराखाली कुणाला शिकवावं लागत नाही. अंडं तिथं कुजत जातं तसतशी घराची बरकत कुजते. गाई आटतात. घुसळून हात मोडले तरी लोणी येत नाही. आणि ठेवणारा काही लांबचा नसतो. तुमच्या चुलीशी बसून चहा पिऊन गेलेला असतो.

आणि हे आज! उद्या सकाळी घरात मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होती. वाडीतल्या एकेका घराला हा मान पाळीपाळीनं मिळायचा, हनाफिनांकडे तो कित्येक वर्षांनी आला होता. फादर टॉबिन येणार, पाहुण्यांच्या खोलीत बसून एकेकाची पापं ऐकणार, मग ज्युलियाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा म्हणणार आणि सारी वाडी तिच्या फरशीवर गुडघे टेकणार. त्यासाठी आठवडाभर घर धुऊन निघत होतं. भिंती, कुंपणाचे दगड, डुकराचा गोठा, दाराबाहेरचं घोडं बांधायचं खांबडं, सगळ्याला चुना. कोंबड्यांचं खुराडंसुद्धा सोडलं नव्हतं. "काकू, फादर काय खुराड्यात बसणार आहेत का?" असं मदतीला आलेल्या पुतण्यानं, कॉननं विचारलं होतं. "फादर नाही बसणार," ज्युलिया म्हणाली होती, "पण नेल गिल्फॉइल डोकावणार."

तीच नेल उद्या या अंड्यांची बातमी ऐकणार.

"कुणाचं काम असेल?" नोनीनं विचारलं.

"वरच्या गिल्फॉइलांचं," मॉर्टी म्हणाला. "पाण्यावरून भांडण झाल्यापासून म्हातारा माझ्याकडे बघतही नाही."

"त्या म्हाताऱ्याला स्वतःच्या पायातले बूट घालता येत नाहीत. तो काय तुझ्या गंजीवर चढणार?"

"मग कोण? आणि चढायला कशाला हवं, खालीच तर आहेत."

"अंडी बाईच्या ॲप्रनमधून येतात," ज्युलिया म्हणाली. "पुरुषाच्या खिशात ती फुटली असती."

बोलताना तिनं कुणाकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. खोलीत ॲप्रन तिघींना होता, आणि त्यातली एकच डिनीनांच्या घरची होती. एलीची आजी मे महिन्याच्या पहिल्या पहाटे दुसऱ्यांच्या कुरणातलं दव फडक्यानं टिपून नेते आणि त्याबरोबर त्यांचं लोणीही नेते, असं अख्खा डोंगर म्हणायचा. मॉर्टीनं एलीचं नाव काढलं तेव्हा ज्युलिया खूप तणतणली होती, मग मुलगी कामाची आहे हे बघून गप्प बसली होती. गप्प बसली म्हणजे विसरली असं नव्हे. गेल्याच आठवड्यात लोणी येईना तेव्हा तिनं काहीतरी टोचून म्हटलं, आणि एलीनं घुसळण्याचा दांडा तिच्या हातात देऊन सांगितलं, "मग तुम्हीच घुसळा, बाई."

लग्नाला तीन वर्षं झाली तरी ती सासूला 'बाई'च म्हणायची.

"मी पाणी घेऊन येते," एली म्हणाली. बादली उचलून ती विहिरीकडे गेली.

"आई, तू असं का बोललीस?" नोनी दबक्या आवाजात म्हणाली.

"मी कुणाचं नाव घेतलं?"

"नाव घेतलं असतंस तर बरं झालं असतं. तिला उत्तर तरी देता आलं असतं."

"तू तिची वकील कधीपासून झालीस? परवापर्यंत तर तुला तिनं लावलेला दिवासुद्धा बघवत नव्हता."

"आजही बघवत नाही. पण ती आपल्याच घरावर करणी कशाला करेल? गाई आटल्या तर तीच उपाशी राहणार ना?"

मॉर्टी टोपी फिरवत उभा होता. बहीण बोलते ते त्याला पटत होतं, आई बोलत नव्हती तेही पटत होतं. मॉर्टीचं असंच असायचं. शेवटचा बोलला त्याचा तो.

"फादरना सांगावं का?" त्यानं विचारलं.

"खबरदार! आणि कुणी बाहेर एक शब्द काढला तर गाठ माझ्याशी आहे. मी पवित्र पाण्याची बाटली काढते, तू फावडं आण. हात न लावता उचलायची आणि ओढ्यापलीकडे नेऊन पुरायची. नोनी, चुलीत घालायला टर्फ आण आधी, विस्तव पडतोय."

नोनी टोपली घेऊन गेली. टर्फचा, दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या तुकड्यांचा, ढीग गंजीला लागूनच होता. ती परतली ती रिकामी टोपली घेऊन.

"पाच आहेत," ती म्हणाली.

"काय पाच?"

"अंडी. मॉर्टी चार म्हणाला ना? आता पाच आहेत."

मॉर्टीचा चेहरा चुन्यासारखा झाला. "मी नीट मोजली होती. चार."

प्रत्येकजण मनातल्या मनात तेच मोजत होता. मॉर्टी आत आला तेव्हापासून ज्युलिया इथे, मॉर्टी इथे, टर्फला जाईपर्यंत नोनीही इथे. तिच्याआधी घराबाहेर गेलं ते एकच माणूस.

नेमकी तेव्हाच एली दारात आली. बादली भरलेली, बोटं थंडीनं लाल झालेली.

"विहिरीला एवढा वेळ लागतो?" मॉर्टीनं विचारलं.

"पाणी खोल गेलंय."

"गंजीवरून आलीस?"

"विहिरीवरून यायला दुसरी वाट आहे का?"

"पाचवं अंडं कुठून आलं, एली?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. कळताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते ज्युलियानं पाहिलं, आणि ते तिला आवडलं नाही. चोर पकडला गेला की त्याचा चेहरा असा होत नाही.

"मला सगळ्यांनी बजावलं होतं," मॉर्टीचा आवाज चढला. घाबरला की त्याचा आवाज बापासारखा व्हायचा. "डिनीनांच्या घरात ते रक्तातच आहे म्हणाले होते. मी हसलो होतो त्यांना! तीन वर्षं पाळणा हलला नाही तेव्हाही मी हसलोच. आता सांग, तुझी आजी काय काय शिकवून गेली तुला?"

"मॉर्टी!" नोनी ओरडली. पण एलीच्या बाजूला जाऊन ती उभी राहिली नाही. जागेवरूनच ओरडली.

एलीनं बादली खाली ठेवली. थेंबसुद्धा सांडू न देता. मग जिना चढून ती वर गेली आणि खोलीचं दार लागलं. आपटलं नाही. नुसतं लागलं.

ज्युलियानं कणीक झाकली. आपण जिंकलो असं वाटायला हवं होतं. तसं वाटेना. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि कुठं ते दिसत नव्हतं.

फावडं न घेताच ती बाहेर पडली. गंजीकडे जाताना वर नजर गेली आणि ती थबकली. घराच्या बाजूची उंच भिंत ओल्या चुन्यानं चकाकत होती आणि डुकराच्या गोठ्याच्या छपरावर बसून कॉन कुंचा फिरवत होता. तिच्या दिराचा मुलगा. ट्रलीच्या दूधकेंद्रात कारकून, आणि नाटककार.

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग गंजीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. छपरावरून गंजी तळहातासारखी दिसत असणार. आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

कॉनची नाटकं कुठून यायची हे काही गुपित नव्हतं. तो बाजारात, मयताला, दूधकेंद्राच्या रांगेत उभा राहायचा आणि ऐकायचा. वहीबिही काढायचा नाही. एखादं वाक्य आवडलं की डाव्या कानाची पाळी चोळायचा, बस्स. गेल्या वर्षी ट्रलीत त्याचं नाटक लागलं तेव्हा ज्युलिया शाल कपाळावर ओढून मागच्या बाकावर जाऊन बसली होती, घरी न सांगता. रंगमंचावर एक शाळेतली बाई म्हातारीचं काम करत होती, आणि तिच्या तोंडून निघत होते ते ज्युलियाचे शब्द. नवरा गेला तेव्हा शवपेटीवाल्याशी घासाघीस करताना ती जे जे बोलली होती ते. लोक पोट धरून हसले. ज्युलियाला राग आला तो चोरीचा नव्हता. त्या बाईनं ते रडक्या सुरात म्हटलं, याचा होता. ज्युलिया हनाफिन शवपेटीवाल्यासमोर रडली नव्हती.

आणि आता आल्या दिवशीच त्यानं सांगितलं होतं, "नवं नाटक अडलंय, काकू. घरात भांडण पेटवायचंय, काडी सापडत नाही."

"कॉन!"

"बोला काकू."

"काडी सापडली का तुला?"

त्याचा कुंचा थांबला.

"खाली बघ माझ्याकडे. गंजीत अंडी तू ठेवलीस?"

"मी?" तो खरंच चकित झाला. "देवाशपथ नाही."

"देवाला मध्ये घेऊ नकोस, तो उद्या येणारच आहे इथे. सकाळपासून तू या छपरावर आहेस. गंजी तुझ्या नाकासमोर आहे. पाचवं अंडं तासाभरात आलंय. मग कोण आलं होतं तिथे?"

"माणूस कुणी आलं नाही, काकू."

ज्युलियाला शाळा फारशी ठाऊक नव्हती, पण माणूस कसा आणि कुठं अडखळतो हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर तिनं गुरांच्या दलालांशी व्यवहार केले होते.

"माणूस नाही," ती म्हणाली. "मग?"

कॉननं कुंचा बादलीत टाकला.

"लाल कोंबडी," तो म्हणाला.

"काय?"

"खुराड्याला चुना दिला ना आपण. आत ओलं आहे, वास मारतो. बाकीच्या गोठ्यात जाऊन घालतात. लाल तेवढी नखरेल. ती रोज गंजीमागे जाते. काल मी पाहिली, आजही पाहिली. मघाशी नोनी यायच्या जरा आधी बाहेर पडली."

ज्युलियानं खुराड्याकडे पाहिलं. पांढरंशुभ्र, फादरसाठी रंगवलेलं. तिच्याच हुकमानं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो."

"खिडकी उघडी होती."

"हो."

"मॉर्टी बायकोला काय बोलला ते ऐकलंस?"

त्यानं मान हलवली.

"एक हाक मारली असतीस इथून. 'कोंबडी आहे' एवढंच. दोन शब्द. दोन शब्दांनी तुझ्या तोंडाला काय फोड येणार होता?"

"मी मारणारच होतो," कॉन हळू आवाजात म्हणाला. "पण मला वाटलं, आता ती उत्तर देईल. ते ऐकावं आणि मग सांगावं. मनातल्या मनात मी तिच्यासाठी चार उत्तरं तयारसुद्धा केली होती, काकू. चारही झणझणीत. आणि तिनं काय केलं? बादली ठेवली. न सांडता." त्याचा हात कानाकडे गेला. "मला ते जन्मात सुचलं नसतं."

"हात खाली घे."

त्यानं घेतला.

"माणूस तुटत होतं रे, आणि तू शब्द वेचत बसलास."

छपराला टेकलेली शिडी तिनं दोन्ही हातांनी धरली, ओढत कुंपणापर्यंत नेली आणि पलीकडे टाकून दिली.

"काकू, मी उतरू कसा?"

"विचार कर. शेवट सुचेल कदाचित."

मॉर्टीला तिनं जे सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. त्यानं स्वतः जाऊन पाहिलं, लाल पीस हातात घेऊन आला, आणि तसाच धावत जिना चढून वर गेला. त्याच्या पावलांवरून वाटलं, आता सगळं मिटलं. मग तो खाली आला तो एकेक पायरी मोजल्यासारखा.

"काय म्हणाली?" नोनीनं विचारलं.

"म्हणाली, कोंबडी नसती सापडली तर?"

ज्युलियानं झाकलेल्या कणकेवरचं फडकं उगाच सारखं केलं.

"उद्या मिस्सा झाली की ती जाणार आहे," मॉर्टी म्हणाला. "तिचा भाऊ मॅट येईल ना, त्याच्या गाडीतून. मी म्हटलं, जायचंच असेल तर आज जा, कुणी बघणार नाही. तर म्हणते, आज गेले तर लोक म्हणतील पळाली. उद्या जाईन, सगळ्यांसमोर, पुढच्या दारानं."

ज्युलिया खुर्चीत बसली. पोरीनं नेमकं तेच ठरवलं होतं जे तिनं स्वतः ठरवलं असतं. उद्या सगळ्या वाडीसमोर एली सुटकेस घेऊन बाहेर पडली की संपलं. मग फादर मध्ये पडोत की बिशप, ती परत यायची नाही. या मुलुखात पुढच्या दारानं गेलेली सून मागच्या दारानं परत येत नसते. आणि मॉर्टी या स्वयंपाकघरात एकटा म्हातारा होणार, शेवटी बोललेल्याचं ऐकत.

"तू जाऊन बोल ना तिच्याशी," नोनी म्हणाली. "पहिलं तूच बोललीस, आई. ॲप्रनचं."

"त्या कॉनला खाली उतरवा," ज्युलिया म्हणाली. "आणि त्या लाल भवानीला खुराड्यात कोंडा."

दुसऱ्या दिवशी फादर टॉबिन वेळेवर आले. त्यांनी पापं ऐकली, मिस्सा झाली, टेबलावरचं पांढरं कापड काढलं, चहाची किटली उकळायला लागली. फादर आणि चार म्हातारे पाहुण्यांच्या खोलीत जेवायला बसले, दार उघडं ठेवून. बाकीची वाडी स्वयंपाकघरात खांद्याला खांदा लावून. सोड्याचा पाव, लोणी, डुकराच्या मांसाच्या परतलेल्या चकत्या, मनुकांचा केक. सगळं होतं. आणि दाराआड तपकिरी सुटकेस होती.

एली कोट घालून फिरत होती. कपात चहा ओतत होती, हसून उत्तरं देत होती, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मॅट डिनीन दाराला टेकून उभा होता, हातात चाबूक. त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता.

"बाहेर निघालीस का गं, एली?" नेल गिल्फॉइलनं गोड आवाजात विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता ज्युलियाकडे वळली. "ज्युलिया, तुझ्या गंजीबद्दल काहीबाही कानावर आलं. खोटंच असेल म्हणा."

नोनी कानापर्यंत लाल झाली. म्हणजे बातमीला पाय हिनंच लावले होते तर. कॉन कोपऱ्यात भिंतीला टेकला होता, आणि त्याचे डोळे एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर फिरत होते.

ज्युलिया उठली आणि बाहेर गेली. खिडकीजवळच्यांनी माना लांब केल्या. ती गंजीमागे गेली, वाकली, आणि परत आली ती ॲप्रनचा ओचा धरून. चुलीसमोर उभी राहून तिनं ओच्यात हात घातला. नुसता उघडा हात. नेलनं छातीवर क्रुसाची खूण केली.

"ही गंजीतली अंडी," ज्युलिया म्हणाली. मोठ्यानं, पाहुण्यांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं. "पाच आहेत. माझ्या लाल कोंबडीची. तिला चुन्याचा वास सोसत नाही, बाईसाहेब आहे ती. काल माझ्या घरातल्या तीन शहाण्यांना ही करणी वाटली. तिघांत मी पहिली. आणि चौथा शहाणा छपरावर बसून सगळं बघत होता." एकेक करून तिनं ती चुलीवरच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात सोडली. "करणी मी स्वतः उकडून खाणार आहे. कुणाला भीती वाटत असेल तर दार उघडं आहे. नेल, तू दाराजवळच आहेस."

पाहुण्यांच्या खोलीत फादर खोकले की हसले, ते कळलं नाही.

पातेलं उतरवून तिनं अंडी वाटली. एक मॉर्टीपुढे. तो हिरवट पडला, पण बायकोकडे बघत त्यानं टोक फोडलं आणि न फुंकता तोंडात घातलं. एक नोनीला. एक स्वतःला. एक कॉनच्या हातात, उकळतं, बशीशिवाय. "कान सोड आणि खा," ती म्हणाली, तेव्हा मॅट डिनीनच्याही ओठाचा कोपरा हलला.

पाचवं उरलं. फडताळातून तिनं निळ्या काठाची अंड्याची वाटी काढली. ती तिच्या आईची होती, आणि त्यात फक्त फादरना द्यायचं असं तिनंच ठरवलेलं होतं. फादरना आज साधी वाटी मिळाली होती. अंडं त्यात ठेवून तिनं ते चुलीशेजारच्या आपल्या खुर्चीसमोर मांडलं, शेजारी मीठ, चमचा. मग बाजूला उभी राहिली. तोंडानं 'ये' म्हणणं तिला जमलं नाही. तिनं खुर्ची थोडी मागे ओढली, एवढंच.

एली हलली नाही. मॅटनं दाराची कडी हातात घेतली. सगळी वाडी श्वास धरून एका कोटाकडे बघत होती.

मग ती आली. कोटासकट बसली. चमच्यानं अंड्याच्या डोक्यावर टकटक केलं, कवच काढलं, मीठ घातलं. एक घास घेतला. चावला. आणि वर न बघता म्हणाली,

"बाई, हे कच्चं राहिलंय."

या घरात ज्युलिया हनाफिनच्या स्वयंपाकाला नाव ठेवणारा माणूस जन्माला यायचा होता. नवऱ्यानंसुद्धा मरेपर्यंत ते धाडस केलं नव्हतं. नेलचं तोंड उघडं राहिलं. मॉर्टीनं डोळे मिटून घेतले.

ज्युलियानं वाटी उचलली. आत पाहिलं. पांढरं अजून थरथरत होतं. पोरीचं खरं होतं.

तिनं पातेलं पुन्हा चुलीवरच्या आकड्याला लावलं, टर्फ पुढे सारली, आणि चुलीकडे तोंड करूनच विचारलं, "किती वेळ ठेवू?"

मागे खुर्ची सरकली. एली उठली होती. तिनं सासूच्या हातातला चमचा घेतला.

"सरका," ती म्हणाली. "मी बघते."

पण चुलीजवळ ऊब फार होती, म्हणून तिनं आधी कोट काढला आणि खुंटीवर अडकवला. सुटकेस दाराआड तशीच होती. मॅटनं कडी सोडली आणि तो नोनीला म्हणाला, "चहा उरलाय का गं?"